नाशिकच्या गच्चीवर काय बसवाल: सोलर बंब की पॅनेल?

दिवाळी सरून निफाडचा पारा रोज पेपरात झळकायला लागला, की नाशिकमध्ये गरम पाण्याची चर्चा सुरू होते. नळ्यांचा सोलर बंब घ्यायचा, की वीज बनवणारी पॅनेल बसवून त्याच विजेवर गिझर चालवायचा? विकणारा आपलंच घोडं पुढे दामटणार, म्हणून आधी हिशेब करू.

चार माणसांना थंडीत 100 लिटर गरम पाणी धरा. 20 अंशांचं पाणी 45 अंशांवर न्यायला सुमारे 2.9 युनिट लागतात. वाया जाणारी उष्णता धरली तर सव्वातीन. 1 किलोवॅटची पॅनेल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला 4 युनिटच्या आसपास देतात. म्हणजे एक किलोवॅट जवळपास अंघोळीतच संपला! शिवाय पॅनेल उन्हाचा जेमतेम पाचवा हिस्सा विजेत बदलतं, तर नळ्या निम्म्याच्या आसपास ऊन थेट पाण्यात उतरवतात. एका किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट मोकळी गच्ची लागते. 100 लिटरचा बंब त्याच्या तिसऱ्या हिश्शात मावतो आणि पंधरा ते पंचवीस हजारांत येतो.

इथवर बंबाची सरशी. पण कॅलेंडर उघडलं की चित्र पालटतं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी नाशिकचं आकाश निरभ्र असतं, तेव्हा बंब झकास चालतो. जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं. तेव्हा बंबातली कॉइल लावावी लागते, म्हणजे पुन्हा वीजच. आणि एप्रिल-मेमध्ये, गच्चीवरच्या साध्या टाकीतलं पाणीही हात पोळतं तेव्हा, बंबात चहा होईल इतकं पाणी तापून बसतं आणि कोणी विचारत नाही. पॅनेलची एप्रिलमधली वीज मात्र कूलर आणि फ्रिजला लागते. उरलेले युनिट नेट मीटरमधून, म्हणजे घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरमधून, महावितरणकडे जातात, पुढच्या बिलांत जमा राहतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये गिझरला उपयोगी पडतात. सकाळी सहाला पॅनेल झोपलेली असली तरी म्हणूनच बिघडत नाही. हे खातं 31 मार्चला बंद होतं आणि शिल्लक युनिटना मिळणारा दर फार कमी असतो. तेव्हा हिवाळ्यात जास्तीची वीज स्वस्तात देऊन टाकण्यापेक्षा गिझरमध्ये वापरलेली बरी.

पैशांचं म्हणाल तर 3 किलोवॅटचा संच साधारण पावणेदोन लाखांच्या घरात जातो; केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतून 78,000 रुपये अनुदान म्हणून परत मिळतात. 1 किलोवॅटला 30,000, 2 ला 60,000. हा खर्च अख्ख्या बिलाशी ताडून बघा, नुसत्या अंघोळीशी नको. घरगुती विजेचा दर 100 आणि 300 युनिटच्या पुढे चढत जातो, आणि गिझरचे महिन्याचे शंभरेक युनिट नेमके वरच्या टप्प्यात पडतात. तुमचं बिल एरवी 100 युनिटच्या आतच असेल, तर पॅनेलचे पैसे सुटायला फार वेळ लागेल. बंब घ्या आणि मोकळे व्हा.

दोन-तीन बारीक गोष्टी. लाइट गेली की नेट मीटरवरची साधी पॅनेलही बंद पडतात; बंबाला त्याचं काही नाही. बोअरचं जड पाणी असेल तर क्षार बंबातही साचतात, गिझरच्या कॉइलवरही. सपाट तांब्याच्या पट्ट्यांचा बंब मात्र अशा पाण्याला घेऊच नका. अवकाळी गारपिटीत काचेच्या नळ्या फुटू शकतात. तशी एखादी नळी बदलणं फार महाग पडत नाही.

सोसायटीत राहणाऱ्यांचा प्रश्न निराळा. गच्ची सगळ्यांची, बंबही सामाईक, आणि पाइप एवढा लांब की खालच्या मजल्यावर गरम पाणी यायच्या आत बादलीभर गार पाणी वाहून जातं. तिथे सामाईक पॅनेल लावून जिना, लिफ्ट आणि पाण्याच्या मोटारीचं बिल कमी करावं, अंघोळीला आपापला गिझर.

स्वतःचं घर, सावली न पडणारी गच्ची आणि 300 युनिटच्या आसपासचं बिल असेल, तर मी पॅनेलच सुचवेन आणि वेगळा बंब घेऊ नका म्हणेन. चालू स्थितीतला जुना बंब असेल तर तो काढायची घाई मात्र नको. आमचा अजून आहे. पॅनेल त्याच्या शेजारी, उंच सांगाड्यावर. खाली सावली पडल्यामुळे कुरडया वाळत नाहीत, ही आईची तक्रार तेवढी अजून मिटलेली नाही.