टी-मोबाईल पार्क: होम प्लेटमागची वरची सीट आणि २०२५च्या पुरस्कारांसाठी माझी मतं

सिअ‍ॅटलच्या टी-मोबाईल पार्क या बेसबॉल मैदानात, म्हणजे मरिनर्स संघाच्या घरी, २०२५च्या सीझनला मी अकरा सामने पाहिले, त्यातले नऊ एकाच भागातून: वरचा मजला, होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या, बरोबर मागे. खालच्या सीट्सपेक्षा तिकीट बरंच स्वस्त, आणि खेळ समजून घ्यायला माझ्या मते याहून चांगली जागा नाही. पिचरचा (बॉल टाकणाऱ्याचा) बॉल कुठून निघाला आणि कुठे वळला, सगळं समोर उलगडतं. सोबत छोटी दुर्बीण घ्या.

दुर्बीण कॅचरसाठी, म्हणजे बॅटरमागे बसून बॉल झेलणाऱ्यासाठी. जुलैतल्या एका सामन्यात पूर्ण दोन इनिंग मी फक्त मरिनर्सच्या कॅचरकडे, कॅल रॉलीकडे, बघत बसले. एक स्लायडर (बाजूला वळणारा बॉल) प्लेटच्या अलीकडेच मातीत आपटला. दोन्ही गुडघे टेकून, खांदे पुढे झुकवून त्याने तो छातीवर घेतला. बॉल पायाशी पडला आणि तिसऱ्या बेसवरचा रनर जागचा हलला नाही. टाळ्या फारशा पडल्या नाहीत. तो उठला, पिचरला हातानेच ‘सावकाश’ असं खुणावलं आणि परत उकिडवा बसला. एका सामन्यात असं सव्वाशे-दीडशे वेळा बसायचं, पुढचा बॉल कुठला ते ठरवायचं, आणि मग पॅड काढून बॅटिंगला जायचं. कीपिंग केलेल्या कुणालाही विचारा, त्यात पाठीचं काय होतं ते.

असं करत या माणसाने सीझनभरात ६० होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) मारले. २४ ऑगस्टच्या रविवारी ॲथलेटिक्स संघाविरुद्ध पहिल्या दोन इनिंगमध्येच ४८वा आणि ४९वा मारून त्याने कॅचरने एका सीझनमध्ये मारलेल्या होम रनचा साल्वाडोर पेरेझचा विक्रम मागे टाकला, तेव्हा मी तिथे होते. शेजारचे अनोळखी आजोबा माझा हात धरून उभे होते. पुढे मिकी मँटलचा स्विच हिटरचा (दोन्ही बाजूंनी बॅटिंग करणाऱ्याचा) ५४चा विक्रम गेला, केन ग्रिफी ज्युनियरचा मरिनर्ससाठीचा ५६चाही गेला.

म्हणून अमेरिकन लीगचा (पुरस्कार दोन्ही लीगना वेगळे) एमव्हीपी, म्हणजे सर्वात मोलाचा खेळाडू हा पुरस्कार, माझ्याकडून रॉलीला. न्यूयॉर्क यांकीजच्या ॲरन जजची बॅटिंग याहून सरस होती हे मला मान्य आहे: सरासरी ०.३३१, ५३ होम रन. रॉलीची सरासरी ०.२४७ आहे. पण जज आउटफील्डमध्ये उभा असतो तेव्हा रॉली प्रत्येक बॉलमध्ये असतो, आणि ते काम सरासरीच्या रकान्यात उतरत नाही. शिवाय आम्ही मरिनर्सवाले २००१नंतर पहिल्यांदा डिव्हिजन (लीगमधला आमचा गट) जिंकलो. २० ऑक्टोबरला टोरोंटोत लीगच्या अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात ४-३ने हरलो ते अजून सलतंय, पण पुरस्कारांची मतं पोस्टसीझनच्या (सीझननंतरच्या बाद फेरीच्या) आधीच दिली जातात, त्यामुळे त्याचा इथे संबंध नाही.

नॅशनल लीगमध्ये डॉजर्सचा शोहेई ओहतानी. ५५ होम रन, आणि जूनपासून पुन्हा पिचिंग; यावर वाद घालायला मला वेळ नाही. साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार, अमेरिकनमध्ये टारिक स्कूबल (ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, २.२१) आणि नॅशनलमध्ये पॉल स्कीन्सला. स्कीन्सचं १०-१० (दहा विजय, दहा पराभव) बघून नाक मुरडणाऱ्यांनी त्याच्या संघाची, पिट्सबर्गची, बॅटिंग बघावी; १.९७चा ईआरए ठेवून आणखी काय करायचं त्याने? रुकीमध्ये (पहिल्याच वर्षातले खेळाडू) अमेरिकनचा निक कर्ट्झ: २५ जुलैला ह्यूस्टनमध्ये सहापैकी सहा हिट, त्यात चार होम रन. नॅशनलमध्ये ब्रेव्ह्जचा ड्रेक बॉल्डविन, कारण तोही कॅचर. मॅनेजर (संघाचा मुख्य प्रशिक्षक) नॅशनलमध्ये मिलवॉकीचा पॅट मर्फी आणि अमेरिकनमध्ये क्लीव्हलँडचा स्टीव्हन व्होट. साडेपंधरा सामन्यांची पिछाडी भरून काढणारा व्होट स्वतः जुना कॅचरच, आणि हो, त्याचा माझ्या मतावर परिणाम झाला आहे.

आता मैदानाबद्दल. उत्तरेकडच्या लिनवुडहून १ लाईन या लोकल रेल्वेने स्टेडियम स्टेशन गाठा, पार्किंगच्या भानगडीत पडू नका. बाहेरचं खाणं आत नेऊ देतात. मी फॉइलमध्ये थालीपीठं नेते, पाचव्या इनिंगपर्यंत मऊ राहतात. तिकीट मात्र थेट मैदानाकडूनच घ्या. एकदा फेरविक्रीच्या एका ॲपवरून घेतलेलं तिकीट गेटवर उघडेचना, पहिली इनिंग मी फुटपाथवर ऐकली. बाजूच्या रुळांवरून मालगाडी जाते तेव्हा भोंगा थेट सीटपर्यंत येतो, आणि मला तो आवडतो. एप्रिलात जाणार असाल तर जाड जॅकेट न्याच. पाऊस आला की छप्पर ओढतात, पण बाजू उघड्याच राहतात, आणि नवव्या इनिंगला वरच्या मजल्यावर बोटं गारठून दुर्बीण धरवत नाही.