मल्टिग्रेन बिस्किटं: पुडा उलटा करून वाचा

पुढच्या बाजूला नाचणीची कणसं, ओट्स, हिरवं पान. मागे घटकांत पहिलं नाव मैदा, मग साखर, पामतेल. नाचणी पार तळाला, २ टक्के. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानंच छापावे लागतात, म्हणजे पैसे कशाचे मोजतोय ते तिथंच कळतं. इन्व्हर्ट सिरप वेगळं लिहिलंय, तीही साखरच. १०० ग्रॅममध्ये २४ ग्रॅम साखर! जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसभरात शक्यतो साधारण २५ ग्रॅमच्या आत राहा. आणि बाबा चहाबरोबर अर्धा पुडा सहज संपवतात.

खुसखुशीत आहेत, चवही छान. पण बाबांना मधुमेह आहे हे माहीत असून दुकानदारानं ‘शुगरवाल्यांना चालतात’ म्हणून हा पुडा हातात दिला, याचा मला मनापासून राग आलाय. त्यांच्यासाठी आता फुटाणेच आणते.