आधी कोणतं ऐकू: 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' की 'द थिन रेड लाइन'?

भाच्याने विचारलं, "मामा, युद्धपटाचं संगीत नीट ऐकायचंय, दोन्हींपैकी आधी कोणतं?" दोन्ही चित्रपट १९९८चे, दुसऱ्या महायुद्धावरचे. पहिल्याचं संगीत जॉन विल्यम्सचं, दुसऱ्याचं हान्स झिमरचं.

कोरसपासून सुरुवात करू, कारण खरा फरक तिथेच आहे. विल्यम्सच्या 'हिम टू द फॉलन'मध्ये आधी ताशासारखा हलका ड्रम, मग संथ ब्रास (तुतारीसारखी पितळी वाद्यं), आणि बऱ्याच वेळाने अमेरिकेतल्या टँगलवुड संगीत महोत्सवाचा कोरस. त्याला शब्दच नाहीत, नुसते स्वर. हेडफोन लावून ऐक: आवाज चढत जातात, पण आक्रोश कधीच होत नाही. मला दरवेळी भरून येतं. झिमरकडे मेलनेशियन गायकांची भजनं आहेत, पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांच्या पिजिन या मिश्र भाषेतली. ते गळे मोकळे, उन्हातले वाटतात. ज्यांच्या बेटावर लढाई झाली, त्यांचेच.

लढाईच्या वेळी? फ्रान्समधल्या ओमाहा किनाऱ्यावरच्या लढाईच्या प्रसंगात विल्यम्स पूर्ण गप्प आहे. झिमर मात्र 'जर्नी टू द लाइन'मध्ये घड्याळासारख्या टिकटिकीवर एकेक थर चढवत नऊ मिनिटं श्वास रोखायला लावतो.

झिमर ऐकायला मेहनत जास्त लागते. गुणगुणायला चाल मिळत नाही.

ऑर्केस्ट्रा नवा असेल, किंवा गेलेल्या माणसाची आठवण काढत बसायचं असेल, तर विल्यम्स. रात्री दिवा मालवून सलग तासभर देता येत असेल, तर झिमर. तुला आधी विल्यम्सच देईन.