छातीतलं पाणी: दरवेळी सुई की घरी नळी?

कॅन्सरमुळे दाजींच्या छातीत पुन्हापुन्हा पाणी भरतंय. सुरगाण्याहून दरवेळी नाशिक गाठून सुईने पाणी काढायचं, की छातीत बारीक नळी बसवून ते घरीच काढायचं, यावर भाचा अडलाय.

खर्च: सुईचा एकावेळी कमी, पण गाडीभाडं, बुडालेली मजुरी धरा. नळी सुरुवातीला महाग, वर नळीतून पाणी ओढून घेणाऱ्या व्हॅक्यूम बाटल्या. तो आकडा आधीच विचारा.

मेहनत: सुईनंतर घरी फारसं काही नाही. नळीला मात्र स्वच्छ हाताचं माणूस हवंच. निर्जंतुक हातमोजे, नवं ड्रेसिंग, एकावेळी पाणी साधारण 1 लिटरपर्यंतच. छातीत दुखलं की थांबायचं. रामकुंडातली डुबकी विसरा. ताप आला, पू दिसला, तर लगेच दवाखाना.

काहींचं पाणी पुढे आटतं, नळी निघतेही.

पाणी हळू भरतंय किंवा घरी करणारं कुणी नाही, तर सुई. काही दिवसांतच पुन्हा धाप लागतेय, तर डॉक्टरांकडे नळीचं विचारा.