सीबीएन व्हीलवर आठ महिने: गाऊजची धार एकदाची जमली

लाकूड कातायला लेथ घेतला तेव्हा धारेचा विचारच केला नव्हता. घरात २८०० आरपीएमचा सहा इंची ग्राइंडर पडून होता, त्यावर हातानेच गाऊज (लाकूड कातायचं पन्हाळीसारखं खोलगट हत्यार) फिरवायचो. दर वेळी कोन निराळा, उताराला, म्हणजे धारेमागच्या तिरक्या बाजूला, हिऱ्यासारखे पैलू. वडिलांची कार्बन स्टीलची पटाशी एकदा त्याच दगडावर टेकवली आणि क्षणात टोक निळं पडलं. पोलादाचं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला. त्या दिवशी ठरवलं, आता नीट काहीतरी घ्यायचं.

आधी मन टॉरमेक या धार लावायच्या यंत्रावर होतं. २५० मिमीचा दगड पाण्यातून ९० आरपीएमने फिरतो, हत्यार तापायचा प्रश्नच नाही. मित्राकडे दोन रविवार वापरून पाहिला. धार अशी, की मनगटावरचे केस उडावेत. पण बाउल गाऊजला (वाडगे कातायच्या गाऊजला) नवा कोन द्यायला बसलो आणि दोनदा चहा झाला तरी काम संपेना. रंध्याच्या पात्याला, पटाशीला हे यंत्र झकास. सागाचा वाडगा कातताना मात्र धार बघता बघता जाते, कारण सागातली सिलिका पोलाद खाते. दर वेळी पाणी भरून कोण बसणार? मग माणूस बोथट हत्यारच रेटतो आणि कॅच बसतो, म्हणजे हत्यार लाकडात अचानक अडकून झटका देतं.

शेवटी आठ इंची, १४४० आरपीएमचा ग्राइंडर, १८० ग्रिटचं सीबीएन (क्यूबिक बोरॉन नायट्राइड या अतिकठीण पदार्थाच्या कणांचं) व्हील, हत्यार टेकवायला वूल्व्हरिनच्या धर्तीची सरकती दांडी आणि गाऊज ठरल्या कोनात धरणारी जिग असा संच जमवला. व्हील ग्राइंडरपेक्षा महाग पडलं, आणि आल्यावर बसेचना! भोक ५/८ इंच म्हणजे १५.८७५ मिमी, माझा शाफ्ट १६ मिमी. विक्रेता म्हणे, "सगळ्यांना बसतं." नाइलाजाने वर्कशॉपमध्ये भोक वाढवून घेतलं. घेण्याआधी शाफ्ट व्हर्नियरने मोजा.

आता रोजचं काम असं: लाकडी ठोकळ्यातल्या खाचेत टेकवून गाऊज जिगबाहेर ४५ मिमी काढायचा, दांडी खुणेवर आणायची, उतारावर मार्कर फासायचा आणि व्हील हाताने फिरवून बघायचं. शाई टोकापासून टाचेपर्यंत सारखी पुसली, की ग्राइंडर चालू. दोन-तीन हलके फेरे पुरतात. खरी गंमत पुढे आहे. साधा दगड झिजतो, ड्रेसरने (दगड खरवडायच्या अवजाराने) साफ करताना आणखी लहान होतो, त्यामुळे कोन गुपचूप सरकतो. सीबीएनचा व्यास आठ महिन्यांत जाणवण्याइतका बदललेला नाही. पहिल्या दिवशीची खूण अजून चालते.

तक्रारी आहेतच. स्क्यूची (तिरक्या धारेच्या सपाट हत्याराची) धार थेट व्हीलवरून खरखरीत येते, डायमंड कार्डवर (हिऱ्याच्या कणांच्या पट्टीवर) दोन हात मारावेच लागतात. साधं लोखंड किंवा अॅल्युमिनियम टेकवलं, की व्हीलच्या कणांत तो धातू भरतो. मुलाने एकदा सायकलचा पार्ट घासायला घेतला तेव्हा मी जवळजवळ ओरडलोच. बारीक धूळ उडते, मास्क हवाच. आणि हा सगळा खटाटोप एचएसएससाठी (हाय स्पीड स्टील, तापलं तरी सहज पाणी न उतरणारं पोलाद) आहे. कार्बन स्टील इथेही तापतं.

म्हणून डाव्या बाजूला पांढरा दगड ठेवलाय. शेजारी पाण्याचा डबा. वडिलांच्या पटाशीचा निळा भाग त्यावर थोडा थोडा घासून काढतोय, अजून तीनेक मिमी बाकी आहे.