चार खणांचा यूएसबी डबा: डिस्क दिसते, ओळख पटत नाही

नागपुरात बर्डीवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानांत काळ्या पत्र्याचे, चार खणांचे यूएसबी डबे मिळतात. हा त्यातलाच एक, बिननावाचा. आत साडेतीन इंची चार हार्ड डिस्क, मागे ८० मिमीचा पंखा, १२ व्होल्ट ६.५ अँपिअरचा अडॅप्टर. लहान ऑफिसच्या लिनक्स सर्व्हरचा रात्रीचा बॅकअप घ्यायला चालून जातो. पण डिस्कची ओळख, म्हणजे तिचा सिरीयल नंबर आणि तब्येतीची माहिती, सर्व्हरपर्यंत पोचू देत नाही, आणि बहुतेक कटकटी तिथूनच सुरू होतात.

साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर ओढते. चार डिस्कचे झाले ८, अडॅप्टर ६.५ चा. म्हणून डबा खण एकदम न उठवता काही सेकंदांच्या अंतराने उठवतो. हे शहाणपणाचंच. मात्र कर्नल (लिनक्सचा गाभा) ज्या क्रमाने डिस्क दिसतील त्या क्रमाने त्यांना एसडीबी, एसडीसी अशी नावं वाटतो. पहिल्या खणातली जुनी डिस्क उठायला अडली की कालची एसडीसी आज एसडीबी. एसडीबी गृहीत धरून लिहिलेली बॅकअपची स्क्रिप्ट अशा दिवशी भलत्याच डिस्कवर हात टाकते.

यावरचा नेहमीचा उपाय ‘बाय-आयडी’ची, म्हणजे सिरीयल नंबरवरून बनणारी नावं. इथे तो चालत नाही. चारही खण एकच सिरीयल नंबर सांगतात, त्यामुळे चार डिस्कना मिळून दुवा एकच, तोही कुठल्या डिस्ककडे बोट दाखवेल याचा नेम नाही. ‘बाय-पाथ’ने, म्हणजे डिस्क कुठल्या पोर्टातून जोडली आहे त्यावरून, खण ओळखता येतो, पण केबल दुसऱ्या पोर्टात गेली की तेही नाव बदलतं. तेव्हा फाइलसिस्टिमचा यूयूआयडी, म्हणजे फॉरमॅट करताना डिस्कवरच लिहिला जाणारा क्रमांक, तोच धरायचा. ‘ब्लकआयडी’ या कमांडने तो काढून ‘एफएसटॅब’मध्ये (सर्व्हर उठताना जोडायच्या डिस्कच्या यादीत) घालायचा, सोबत ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी पुढे जा) द्यायचं. ते नसेल आणि डिस्क दिसली नाही, तर लाइन जाऊन परत आल्यावर सर्व्हर उठतो, ९० सेकंद डिस्कची वाट बघतो आणि इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतो.

‘नोफेल’चीही एक गोम आहे. डिस्क माउंट झाली नाही, म्हणजे तिच्या फोल्डरला जोडली गेली नाही, तरी ते रिकामं फोल्डर जागेवर असतंच. बॅकअप कॉपी करणारा ‘आरसिंक’ त्यातच ओतत राहतो आणि सकाळी सर्व्हरचं स्वतःचं रूट पार्टिशन भरलेलं. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘माउंटपॉइंट -क्यू’ची, म्हणजे डिस्क खरंच जोडली आहे का याची, तपासणी टाका. डिस्क सुटी असताना त्या फोल्डरवर ‘सीएचअ‍ॅटर +आय’ मारून त्यात लिहिणंच बंद केलं तर आणखी पक्कं.

ओळख लपवण्याचा दुसरा फटका उन्हाळ्यात बसतो. डिस्कची तब्येत वाचणाऱ्या ‘स्मार्टसीटीएल’ला यूएसबी डब्यांसाठीचा ‘-डी सॅट’ देऊनही डब्यातून काही येत नाही, म्हणजे डिस्कचं तापमानही नाही. मे महिन्यात नागपूर ४५ अंशांवर जातं, आणि साध्या डेस्कटॉप डिस्कची मर्यादा बहुधा ६० असते. एसी नसलेल्या खोलीत चार डिस्क एकमेकींना चिकटून तापत असताना आकडा दिसू नये, हे इथे परवडणारं नाही. दोनच डिस्क लावा, मधला खण मोकळा सोडा. आणि डबा कूलरच्या झोतात ठेवू नका, ती ओली हवा डिस्कच्या कामाची नाही.

बाकी किरकोळ. वेग एका डिस्कपुरता उत्तम, चारही एकदम चालल्या की एकाच केबलमध्ये वाटणी होते. जोराच्या लिखाणात ‘डीमेसेज’मध्ये (कर्नलच्या नोंदींत) यूएएसच्या (यूएसबी डिस्कशी बोलण्याच्या वेगवान पद्धतीच्या) चुका आणि रीसेट दिसले तर ‘एलएसयूएसबी’तला डब्याचा आयडी घेऊन यूएसबी-स्टोरेजच्या ‘क्वर्क्स’मध्ये ‘यू’ लावा, म्हणजे यूएएस बंद. वेग थोडा उतरतो, रीसेट बहुधा थांबतात. रेड (अनेक डिस्क मिळून एक डिस्क करणं) मात्र यावर बांधू नका, एका रीसेटला चारही डिस्क एकदम गायब होतात. पॉवरचं बटण खटक्याचं आहे हे छान: लाइन आली की डबा आपोआप चालू होतो.

घेण्याआधी दुकानातच लाइव्ह लिनक्सच्या पेनड्राइव्हवर दोन डिस्क लावून बघा. ‘बाय-आयडी’त दोन वेगळी नावं आणि ‘स्मार्टसीटीएल’मध्ये तापमान दिसलं, तर त्या डब्याला थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही.