करारातले सेफ्टी शूज: मशीनशॉपला झकास, ओतकामाला धोक्याचे

युनियन आणि कंपनीच्या करारात 'वर्षाला एक जोड सेफ्टी शूज' एवढीच ओळ असली की स्टोअरमधून सगळ्यांना एकच माल मिळतो: काळा, लेसचा, पुढे स्टीलची टोपी, खाली पीयूचा (पॉलियुरेथेनचा) सोल. बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर उभं राहणाऱ्याला हा बूट उत्तम. हलका आहे, पाळीभर उभं राहून टाच भरत नाही. आयएस १५२९८ भाग २ या भारतीय मानकाचा शिक्का असेल तर टोपी २०० जूलचा मार सोसते, म्हणजे मशीनवरचा २० किलोचा जॉब (लोखंडी तुकडा) मीटरभरावरून पडला तरी बोटं वाचतात. पण मार बसलेली टोपी बाद समजायची, वरचं चामडं शाबूत दिसलं तरी.

हाच जोड ओतकामावर दिला की गणित बिघडतं. लेडलमधला (ओतायच्या भांड्यातला) बिडाचा रस १३५० अंशांच्या आसपास असतो. उडालेला थेंब लेसमध्ये, जिभेच्या फटीत अडकतो आणि गाठ सुटेपर्यंत पाय भाजत राहतो. तिथं बिनलेसचा, झटक्यात निघणारा उंच बूट हवा, आणि पँट बुटावरून बाहेर. आत खोचली की बुटाचं नरसाळंच झालं! सोल नायट्राइल रबराचा घ्यावा; त्यावर एचआरओ ही खूण असते, ३०० अंशांवर एक मिनिट टिकल्याची. पीयू त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतो, नॉकआउटची (साचा फोडतानाची) गरम वाळू त्यात रुतून बसते.

पीयूचं दुसरं दुखणं आपल्याकडच्या पावसाचं. दमट हवेत तो न वापरताही आतून कुजतो. काही पावसाळे खोक्यात काढलेला जोड दिसायला कोरा, पण पायात घालून चार पावलं टाकली की सोलचा भुगा. तयार केल्याचा महिना आणि वर्ष बुटावरच असतं. रजिस्टरवर सही करण्याआधी ते बघा. भिजलेला बूट भट्टीपाशी वाळवू नका, चामडं तडकतं. कागद कोंबून सावलीत ठेवा. माप जाड सुती मोज्यावर, संध्याकाळी द्या. चामडं सैल होतं, टोपी होत नाही.

बोनसवर बैठकांमागून बैठका होतात, बुटाची ओळ मात्र जुन्या करारातून तशीच उतरते. युनियनच्या मागणीपत्रात खात्यानुसार बुटाचा प्रकार, सोल आणि शिक्का लिहून द्या. टोपीला मार बसला की वर्ष भरायची वाट न बघता बदली, हेही त्यातच घाला.